विचारा की! : पदवी झाली, आता एक वर्ष कॉलेजातच?

निकाल लागले की या सदराकडे येणारी पत्रं ठरलेली असतात, पुणे की मुंबई, एमबीए की एमपीएससी. यंदा मात्र चारपाच जणांनी वेगळंच विचारलंय, पदवी झाल्यावर एक वर्ष आपल्याच कॉलेजात राहून आजूबाजूच्या गावांत काम करायचं, करावं का? म्हणून आज सगळी जागा याच विषयाला.

ताई नमस्कार, मी लांजा तालुक्यातली. यंदा बीएस्सी केमिस्ट्री झाले. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) दोन वर्षं होते, दोन्ही कॅम्प केले. आता आमचे सर म्हणतायत एक वर्ष कॉलेजातच थांब, दत्तक गावाचं काम बघ, महिना ६,००० मानधन देऊ. मला मनापासून करायचंय. पप्पा म्हणतात घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस, लोट्याच्या एमआयडीसीत लाग. काय करू?

आधी पप्पांवर चिडू नको. त्यांचा प्रश्न हिशोबाचा आहे आणि हिशोब बरोबर आहे. सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० ठरवले, ती २०२४ साली सुरू झाली तेव्हा. तुला त्याहून कमी मिळणारेत आणि त्यातून एसटीचं भाडं, मोबाइलचा रिचार्ज, कधी कुणाच्या घरी जाताना बिस्किटचा पुडा, हे सगळं जाणार. तेव्हा ६,००० हातात पडणारेत की प्रवास धरून ६,००० आहेत हे सरांना आजच विचार, लाजायचं नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे, तुझं काम नक्की काय? ‘दत्तक गावाचं काम बघ’ हे काम नाही गं, ती सोय आहे, सरांची.

मी हे अनुभवाने बोलतेय. बीए झाल्यावर मीही अशीच वर्षभर कॉलेजात थांबले होते, कॉलेजचं नाव जाऊ दे. खाडीपलीकडच्या वाडीत काम करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात मी वर्षभर बॅनर लिहिले, हजेरीपत्रकं भरली, पाहुण्यांसाठी नारळ-शाल आणली, मानधन तीनतीन महिने अडकायचं आणि खाडी ओलांडायच्या होडीचे पैसे माझ्याच पर्समधून. त्या अख्ख्या वर्षात धड एकच गोष्ट झाली, वाडीतल्या सात-आठ म्हाताऱ्यांची बँकेत खाती उघडली, आणि तीसुद्धा मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून झाली.

आता वर्षभराच्या माणसाची गरजच काय, ते सांगते. एनएसएस १९६९ साली सुरू झालं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४०,००० मुलं होती. नियम तुला पाठ असेल, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचा कॅम्प. १२० तास म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर पंधरा दिवस. पंधरा दिवसांत गाव कळत नाही, फार तर गावातला कुत्रा ओळखायला लागतो.

वनराई बंधाऱ्याचंच बघ ना. आपल्याकडे पाऊस धो धो, तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर, कारण उतार तीव्र आणि जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालायचा. पण तो घालायचा कधी, तर पाऊस थांबला आणि पऱ्या अजून वाहतोय तेव्हा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आणि कॉलेजचा कॅम्प कधी, तर परीक्षा झाल्या की, डिसेंबरअखेर नाहीतर जानेवारीत. तोवर बऱ्याच पऱ्यांत घोटाभर पाणी उरलेलं असतं. पोरं गोण्या भरतात, हौसेने फोटो काढतात, रात्री गॅदरिंगची गाणी म्हणतात, बंधारा मस्त दिसतो, अडवायला पाणीच नाही. यात पोरांची चूक नाही, ऑक्टोबरात गावात कुणी नव्हतं एवढंच.

ते ‘कुणी’ तू होऊ शकतेस. म्हणजे गणपती झाल्यावर पऱ्या फिरून जागा बघायच्या, गोण्या गोळा करायच्या (बांधकामवाल्यांकडे ढिगाने पडलेल्या असतात), वाडीतल्या बायकांबरोबर दिवस ठरवायचा, कॉलेजची पोरं एका रविवारी आणायची, आणि मग दिवाळीपासून मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी वाडीतल्या विहिरींना दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं. बीएस्सी केमिस्ट्री आहेस, विहिरींचं पाणी तपासायला कॉलेजची लॅब आहेच. पुढच्या वर्षी तू नसशील तेव्हा ती वही आणि बायकांचा ठरलेला दिवस मागे राहील. बंधारा तसाही दरवर्षी नव्याने घालावा लागतो, तो वाडीने स्वतः घातला तर तुझं वर्ष सार्थकी लागलं असं मी म्हणेन.

तेव्हा सरांकडून एका कागदावर लिहून घे, काम कुठलं, गाव कुठलं, पैसे कुठल्या तारखेला, आणि शेवटचा दिवस कुठला. लिहून द्यायला का-कू केलं तर लोट्याला जा आणि रविवारी गावात ये, मी तुला नावं ठेवणार नाही. लिहून दिलं तर तोच कागद पप्पांना दाखव.

मी गुहागरचा, बीकॉम. हे वर्ष बायोडेटात गॅप म्हणून दिसेल का? पुढे एमपीएससी करायचंय, वय जाईल का? आमच्या कॉलेजात असलं काही नाहीये, दुसरीकडे कुठे आहे?

वयाची भीती काढून टाक. राज्यसेवेला पदवी लागते, अनुभव नाही, आणि खुल्या प्रवर्गालाही ३८ पर्यंत मुदत आहे, तू आत्ता एकवीस-बावीसचा असशील. खासगी नोकरीत गॅप दिसतो तो वर्षामुळे नाही, ‘सामाजिक कार्य केले’ असं मोघम लिहिल्यामुळे. अमुक वाड्यांत, अमुक महिने, अमुक इतक्या लोकांची अमुक कामं, असं लिही, आणि तसंच पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर घे, निघताना, नंतर कुणी देत नाही. फक्त एक, दिवसा गावात काम आणि रात्री राज्यसेवेचा अभ्यास हे दोन दगडांवर पाय आहेत, मी दोन्हीकडे पडलेले बघितलेत.

बाहेर बघायचं तर एसबीआय फाउंडेशनची यूथ फॉर इंडिया फेलोशिप १३ महिन्यांची आहे आणि ती खेड्यातच असते. टीच फॉर इंडिया दोन वर्षांची, शहरातल्या शाळांत. आणि अजून काय करायचं तेच कळत नसेल तर गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’चा निर्माण हा उपक्रम, २००६ पासून तरुणांची शिबिरं घेतात, तिथे अर्ज कर. घरापासून लांब जावं लागेल, पण गुहागरहून मुंबईही काही हाकेच्या अंतरावर नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकतो. तो म्हणतो तिकडे ग्रॅज्युएट पोरं वर्षभर युनिव्हर्सिटीत राहून समाजसेवा करतात आणि सरकार पैसे देतं. खरं आहे का हे? — चिपळूण

खरं आहे. व्हिस्टा नावाचा कार्यक्रम आहे, अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात गरिबीविरुद्ध जी मोहीम निघाली त्यात १९६५ साली सुरू झाला, पुढे १९९३ च्या कायद्याने अमेरिकॉर्प्स झालं त्यात तो गेला. आणि १९८५ साली ब्राऊन, जॉर्जटाऊन, स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या अध्यक्षांनी पुढाकार घेऊन कॅम्पस कॉम्पॅक्ट ही कॉलेजांची संघटना काढली, विद्यार्थ्यांनी आसपासच्या वस्तीत काम करावं म्हणून. या दोन्हींची जोड लागून व्हिस्टाची पोरं कॉलेजांच्या सेवा केंद्रांत वर्षभर बसायला लागली. पैसे म्हणशील तर जेमतेम, मुद्दामच दारिद्र्यरेषेच्या आसपास, ज्यांच्यासाठी काम करतोय त्यांच्यासारखं राहून बघ म्हणून. वर्ष संपलं की एकतर शिक्षणासाठी ठरावीक रक्कम, ती शैक्षणिक कर्ज फेडायलाही चालते, नाहीतर थोडे रोख पैसे.

मला त्यातलं आवडतं ते वेगळंच आहे. व्हिस्टावाल्याने वस्तीतल्या पोराला स्वतः शिकवत बसायचं नसतं. शिकवणारे विद्यार्थी शोधायचे, त्यांना तयार करायचं, वेळापत्रक लावायचं, पैशासाठी अर्ज लिहायचे, म्हणजे तो गेला तरी शिकवणी चालू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं वाटलं होतं, माणसाला भेटायचंच नाही म्हणजे काय! मग ई-पीक पाहणी आली.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर स्वतः करायची. आमच्या वाडीत शेतात आहेत म्हातारे, मुलगे मुंबईला, फोन मुलाने घेऊन दिलेला पण तो उचलायचा आणि ठेवायचा एवढंच माहीत. ओळखीतला एक मुलगा बिचारा बांधाबांधावर जाऊन चाळीसेक जणांची नोंद करून आला, सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं, काकडी दिली, पावटे दिले. पुढच्या हंगामात तो नोकरीला गेलेला आणि चाळीसच्या चाळीस जण तलाठ्याच्या दारात. त्याने त्याच वाडीतल्या अकरावी-बारावीच्या चार पोरी शिकवून ठेवल्या असत्या तर? काकड्या कमी मिळाल्या असत्या, इतकंच.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात एनएसएस प्रोग्राम ऑफिसर आहे. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून सलग दोन वर्षं एकेक पदवीधर मुलगा वर्षभरासाठी ठेवला. जूनला घेतो, दोघेही दिवाळीच्या सुमारास सोडून गेले. हल्लीच्या मुलांत चिकाटीच नाही असं म्हणावं का?

सर, म्हणा, पण आधी जून ते दिवाळी त्या मुलांनी काय केलं ते आठवा. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, गावात कुणाला मान वर करायला फुरसत नाही. मग श्रावण, मग गणपती, मग कापणी. पोरगा गावात गेला तर घराला कडी, म्हणून तो तुमच्या केबिनमध्ये बसला, आणि केबिनमध्ये रिकामा पोरगा दिसला की कॉलेज त्याला काम देतंच. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, फाइल! तिसऱ्या क्रायटेरियनमध्ये विस्तारकार्य असतं, त्याचे फोटो चिकटवा, अहवाल टाइप करा, मागच्या पाच वर्षांचे कार्यक्रम शोधून काढा. मी पैज लावायला तयार आहे की दोघांनीही हेच केलं. आणि गाव मोकळं व्हायच्या वेळेला ते कंटाळून गेले.

ऑगस्टच्या मध्यावर घ्या ना. किंवा जूनलाच घ्यायचा असेल तर लावणीला पाठवा, खरंच चिखलात, इरलं नसेल तर प्लास्टिक डोक्यावर घेऊन. आठ दिवस लावणी केलेल्या पोराला वाडी नंतर नाही म्हणत नाही. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, गावाच्या मुंबई मंडळाची माणसं एका जागी भेटतात, गावाचे निर्णय तेव्हाच होतात आणि पैसेही तेव्हाच निघतात, ती एक बैठक त्याला गाठू द्या. दुसरी संधी शिमग्याला. वर्षाचा आराखडा विद्यापीठाच्या टाइमटेबलवर नको, या पंचांगावर करा.

आणि मानधन. देणगीचे पैसे बँकेत पडून आणि सही व्हायला दीड महिना, असं झालं असेल तर चिकाटीचा विषय माझ्यापुरता मिटला. एवढं करून तिसरा मुलगाही गेला तर मला परत पत्र लिहा, मग आपण दोघं मिळून हल्लीच्या पिढीला शिव्या घालू.

माझं चेडू बीए झालं आणि आता कॉलेजातर्फे एका डोंगरातल्या वाडीत वर्षभर राहायचं म्हणतंय, पावसात! रेंज नाही, लाइट नाही, साप-किरडू. नको म्हटलं तर रडतं. — एक आई, वेंगुर्ला

वहिनी, तुमची भीती खोटी नाही, म्हणून तिला नको म्हणण्यापेक्षा कॉलेजला प्रश्न विचारा. ती राहणार कुणाच्या घरी, त्या घरात बायामाणसं आहेत का, संडास-न्हाणी कशी आहे. आपल्या कातळावर फुरशी असतात, तेव्हा सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठलं आणि रात्री न्यायला गाडी कुणाची, त्याचं नाव आणि नंबर. रेंज वाडीत नसली तरी वरच्या सड्यावर कुठेतरी येतेच, रोज संध्याकाळी एक मिस्ड कॉल ठरवा. शक्य असेल तर पावसाळ्याचे दोन महिने तिने घरून जाऊन-येऊन करावं, राहायला गणपतीनंतर, सरांना हे पटायला हरकत नसावी.

आणि एक करा. ती जायच्या आधी तुम्ही दोघी मिळून वस्तीच्या एसटीने (रात्री तिथेच मुक्कामाला थांबते ती) तिकडे जा, त्या घरात एक रात्र राहा, घरधनिणीशी बोला, चुलीशी बसून बोललं की बाईला बाई कळते. सकाळी सहाची तीच गाडी धरून परत या आणि मग ठरवा. जाताना थोडे काजूगर न्या, रिकाम्या हाताने जाऊ नका.