पिल्लू ड्राय फूड खात नाही, एक दिवस उपाशी ठेवून पाहावे का?

तुमचे शिह त्झू जातीचे पिल्लू अडीच महिन्यांचे असून त्याचे वजन सव्वा किलो आहे, ते चार दिवसांपासून ड्राय फूडला तोंड लावत नाही, उकडलेले चिकन आणि बिस्किटे मात्र मिटक्या मारत खाते, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी "एक दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की निमूट खाईल" असे सांगितले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. कृपया हा सल्ला मानू नका. सात-आठ महिन्यांच्या धडधाकट लॅब्रॅडॉरला तो कदाचित चालून जाईल, पण सव्वा किलोच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो आणि अंगावर चरबी किंवा मांसही बेताचेच असते. त्यामुळे काही तास पोट रिकामे राहिले तरी रक्तातील साखर एकदम उतरू शकते. पिल्लू मलूल होते, थरथरते, दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाते, आणि वेळेवर लक्ष गेले नाही तर त्याला झटके येतात. असे दिसले तर मधाचे किंवा साखरेच्या दाट पाकाचे बोट हिरड्यांना चोळावे आणि लगेच पशुवैद्यांकडे न्यावे; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते.

खाण्याच्या सवयीकडे वळण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि जाताना शीचा ताजा नमुना डबीत न्या. पिल्लांना जंत बहुधा आईकडूनच येतात, आणि जंतांनी पोट फुगलेले पिल्लू अन्नाला नको म्हणते. उलट्या, पातळ शी किंवा ताप असेल, आणि लसीकरण पूर्ण झालेले नसेल, तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका असते; तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नये. दात हे कारण तुमच्याकडे आत्ता नसावे, कारण दुधाचे २८ दात पडू लागतात ते साधारण चौथ्या महिन्यात. त्या वेळी मात्र चांगले खाणारे पिल्लूही आठ-दहा दिवस कुरकुरते.

डॉक्टरांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले, तर राहतो तो घरातील माणसांचा प्रश्न. आमची पॉमेरेनियन चिंगी आठ आठवड्यांची असताना घरी आली. पहिल्या दिवशी तिने दाण्यांचा वास घेऊन तोंड फिरवले, म्हणून मी पाचच मिनिटांत दहीभात आणला. दुसऱ्या दिवशी दहीभात नाकारला, तेव्हा चिकन आले. आठवड्याभराने चिकनही नको झाले आणि सासूबाई कलेजी उकडू लागल्या. नाही म्हटले की ताटलीत अधिक चांगले काहीतरी येते, हे त्या एवढ्याशा जीवाला आमच्याच तत्परतेने शिकवले होते. त्याच सुमारास मी फ्रिजवर एक कागद चिकटवून कोण काय भरवतो ते लिहायला सांगितले. संध्याकाळी त्यावर चार बिस्किटे आणि खारीचे दोन तुकडे निघाले, आणि खारी सासऱ्यांच्या चहाबरोबरची होती. सव्वा किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात आणि ग्लुकोजच्या एका लहान बिस्किटात २० ते २५ असतात, म्हणजे चार बिस्किटांत जवळजवळ अर्धा आहार झाला. अशा पिल्लाला आपण नखरेल म्हणतो, पण त्याचे पोट खरोखरच भरलेले असते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. ब्रीडरकडे पिल्लू कोणते खाद्य खात होते ते विचारा, आणि निदान पहिला आठवडा तेच द्या; बदलायचे असेल तर जुन्यात नवे मिसळत सात-आठ दिवसांत बदला. २०० कॅलरींसाठी पपी फूड साधारण ५० ते ५५ ग्रॅम पुरते (पिशवीवरचा तक्ता पाहून घ्या), तेवढेच वजन करून दिवसाच्या चार जेवणांत वाटून ठेवा. प्रत्येक वेळचे दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून बोटांनी कुस्करा, कारण कोमट अन्नाचा वास सुटतो आणि पिल्लू जिभेपेक्षा नाकाने जेवते. चिकन सुरुवातीला चालेल, पण वेगळे तुकडे घालू नका. चिंगी तुकडे अचूक वेचून खायची आणि चुकून तोंडात आलेला दाणा चोखून, स्वच्छ करून, ताटलीच्या कडेला ठेवून द्यायची. शेवटी मी एक चमचा चिकन मिक्सरमधून काढून, कणकेला मोहन चोळावे तसे भिजलेल्या दाण्यांना चोळू लागले, तेव्हा तिला निवड करता येईना. हे प्रमाण दोन दिवसांआड कमी करत न्यावे. चिकन मीठ, कांदा, लसूण न घालता वेगळे उकडावे. आपल्या रश्श्यातले धुऊन दिले तरी चालत नाही, कारण कांदा-लसूण शिजवलेले असले तरी कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशींना अपाय करतात. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट तर घरात त्याच्या तोंडाच्या उंचीवरही ठेवू नयेत. नुसत्या चिकनवर किंवा दूध-पोळीवर पिल्लू वाढवण्याचाही मोह टाळावा, कारण त्यात हाडांना लागणारे कॅल्शियम पुरेसे आणि योग्य प्रमाणात मिळत नाही.

ताटली पंधरा ते वीस मिनिटे ठेवावी आणि नंतर, अन्न उरले असले तरी, काही न बोलता, न रागावता, न चुचकारता उचलावी. खरी कसोटी इथेच लागते, कारण याच वेळी कोणीतरी "बिचारे उपाशी आहे" म्हणून बिस्किटाचा डबा उघडते. नाकारलेल्या अन्नाच्या जागी त्याच बैठकीत दुसरे काही येता कामा नये. पण पिल्लू इतके लहान असल्यामुळे लागोपाठ दोन जेवणे नाकारली, तर तिसऱ्या जेवणाच्या वेळी ते हमखास खाईल असे, म्हणजे साधे चिकन-भातही द्यावे आणि डॉक्टरांना फोन करावा. वेळेवर आलेल्या ताटलीत आवडीचे निघाले, तर पिल्लू त्याचा संबंध आपल्या नकाराशी सहसा जोडत नाही.

भांड्याकडेही एकदा पाहा. चिंगीच्या पट्ट्याला आम्ही हौसेने घुंगरू बांधले होते, ते स्टीलच्या वाडग्यावर आपटले की ती दचकून मागे सरायची, आणि आम्ही त्याला नखरा समजत होतो. घुंगरू काढून पसरट ताटली दिल्यावर ती सलग खाऊ लागली. तुमच्या पिल्लाचे नाक चपटे असल्याने खोल वाडग्यापेक्षा पसरट ताटली त्यालाही सोयीची पडेल.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पातेले ठेवून त्याला रोज सकाळी, पहिल्या जेवणाआधी तोला आणि आकडा लिहून ठेवा. आकडा हळूहळू वाढत असेल आणि पिल्लू खेळत असेल, तर एखादे जेवण अर्धे राहिले तरी काळजीचे कारण नाही. तो दोन दिवस थांबला किंवा एका दिवसात जरी उतरला, तरी तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा.