फोटोरिअ‍ॅलिझमला नुसतं 'वास्तववाद' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की १९६०-७० च्या दशकांतल्या अमेरिकन कलेवर मराठीत लेख लिहिताना मिनिमलिझमला (अगदी मोजक्या, साध्या आकारांची कला) 'साधेपणा' आणि फोटोरिअ‍ॅलिझमला (फोटोवरून फोटोसारखंच हुबेहूब रंगवण्याची शैली) 'वास्तववाद' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते दोन्ही नको, पण 'वास्तववाद' या शब्दाने जास्त घोळ होतो म्हणून आधी तो घेतो.

आपल्याकडे वास्तववादी चित्र म्हटलं की हळदणकरांची हातात दिवा धरलेली स्त्री आठवते, म्हणजे मॉडेल समोर आहे आणि चित्रकार स्वतःच्या डोळ्यांनी बघून रंगवतोय. आता अमेरिकन चित्रकार चक क्लोजचं १९६७-६८ चं सेल्फ पोर्ट्रेट बघा, मिनिअ‍ॅपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये आहे, उंची जवळजवळ ९ फूट. त्यात तो आरशासमोर बसलेलाच नाही, स्वतःचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेतला, त्यावर चौकटी आखल्या, एकेक चौकट कॅनव्हासवर उतरवली आणि फोटोत जे केस नि खांदे आउट ऑफ फोकस होते ते तसेच धूसर रंगवले! डोळ्यांना माणूस असा दिसत नाही, लेन्सला दिसतो. म्हणजे चेहऱ्याइतकाच फोटोसुद्धा या चित्राचा विषय आहे आणि नेमका तोच शब्दातून गाळायचा? न्यूयॉर्कचे गॅलरीवाले लुई माइझेल यांनी १९६९ मध्ये हे नाव दिलं तेही फोटोला पुढे ठेवूनच. 'छायाचित्र-वास्तववाद' लांबलचक वाटतो पण अर्थाने चोख आहे, आणि तो जड वाटला तर सरळ फोटोरिअ‍ॅलिझम लिहा, वाचकाला कळतं.

मिनिमलिझमचं म्हणाल तर 'साधेपणा' हा राहणीचा, स्वभावाचा शब्द झाला. या कलेतल्या डोनाल्ड जडने आपल्या पेटीच्या आकाराच्या कलाकृती पत्र्याचं काम करणाऱ्या कारखान्यातून करून घेतल्या, डॅन फ्लेव्हिनने बाजारात मिळणाऱ्या ट्यूबलाइट लावल्या, कार्ल आंद्रेने १९६६ मध्ये १२० विटा जमिनीवर नुसत्या रचून ठेवल्या, यात कलावंताच्या हाताची खूणच राहू द्यायची नाही हा आग्रह आहे. त्यामुळे 'अल्पतमवाद' बरा. (क्लोजही रंगाचा बारीक फवारा उडवणारा एअरब्रश वापरून ब्रशचे फटकारे पुसत होता, म्हणून या दोन वरवर उलट्या वाटणाऱ्या गोष्टींवर एकाच लेखात लिहिणं मला अगदी योग्य वाटतं.)

फक्त जडला सरळ 'अल्पतमवादी' लिहू नका, त्याला ते लेबल पटत नव्हतं, 'ज्याची गणना अल्पतमवाद्यांत होते' असं लिहिलंत तर बरं.