‘ताई, मी कोमट झालोय’

खुर्चीत बसायच्या आधी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं, पानं भिजली नाहीत ना ते बघितलं आणि मगच मला ‘सलाम’ म्हणाला. जुलैचा पाऊस होता. वास्कोहून मडगावला येईस्तोवर माणूस निम्मा भिजतोच. गोदीत वेल्डिंग करणारा, चाळिशीच्या आसपासचा. मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, लिहायला त्याची आणि त्याच्या बायकोची संमती आहे.)

“ताई, मी कोमट झालोय.”

ख्रिस्ती वाचकांना हा शब्द लगेच कळेल. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीया गावच्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) प्रभू म्हणतो, तू थंड नाहीस, गरम नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार. ज्याला देवाचा खरा अनुभव आलाय, त्याला हे वचन रात्री झोपू देत नाही. माझ्याकडे समुपदेशनाला ही भीती घेऊन येणारे पुष्कळ असतात. तेव्हा देव भेटला होता, आता काहीच जाणवत नाही. मग मी खोटा, की तो अनुभव खोटा?

त्याचा अनुभव असा. बारा वर्षं दारू. दीड वर्षापूर्वी बायकोने हट्टाने उपास-प्रार्थनेला नेलं. हा मागे दाराशी बसला, मध्येच सटकता यावं म्हणून. गीत चालू असताना त्याला रडू फुटलं. “आवाजबिवाज काही आला नाही, ताई. पण कोणीतरी मला ओळखतंय, माझं सगळं ओळखतंय आणि तरी हाकलत नाहीये, एवढं कळलं.” त्या रात्रीपासून त्याने बाटलीला हात लावला नाही. (रोज पिणाऱ्याने असं एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. त्याचं निभावलं, ही देवाची दया.)

वर्षभर तो तरंगत होता. मग हळूहळू ते ओसरलं. प्रार्थनेत शब्द सुचेनात, गीतं कोरडी वाटायला लागली. त्यावर त्याने एकच उपाय केला, सगळं वाढवलं. आठवड्याला दोन उपास, पहाटे साडेतीनला उठणं, ड्यूटीवरून परस्पर प्रार्थनासभा, शनिवारी रात्रभर जागरण. टीव्हीही विकून टाकला.

मी आधी झोप विचारली. जेमतेम चार तास. वजन उतरलेलं. अशा वेळी मी काही गोष्टी विचारतेच: झोप नसतानाही अंगात फार जोर वाटतो का, आज्ञा देणारे आवाज येतात का, जगणं नकोसं होतं का. यातलं काही असतं तर मी त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवलं असतं, आणि त्यात विश्वास कमी पडल्याचा काही प्रश्न नसतो. तसं नव्हतं. दारू सुटल्यावर कित्येक महिने मन सुन्न राहू शकतं, कशातच गोडी वाटत नाही, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो त्याला पाप समजत होता.

मी त्याच्याच शास्त्रातला एलीया काढायला सांगितला. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला संदेष्टा, आणि लगेच पुढच्या अध्यायात रतामाच्या झुडपाखाली मरण मागतोय. देव त्याला रागावत नाही, उपासाला बसवत नाही. देवदूत येतो, भाकर नि पाणी देतो. तो खातो, झोपतो, परत उठून खातो. त्याने त्या अध्यायाला तीन रंगांच्या खुणा केल्या होत्या. भाकरीच्या ओळीला एकही नव्हती.

दुसऱ्या भेटीला बायको आली. बराच वेळ ती छत्रीची मूठ फिरवत राहिली. मग म्हणाली, “ताई, मीच त्यांना नेलं होतं, मी कसं बोलू? पण पीत होते तेव्हा संध्याकाळी घरी नसायचे, आताही नसतात. फाटकाची कडी वाजली की पोरगी अजून आतल्या खोलीत पळते.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. हे त्याला खरंच माहीत नव्हतं. मंडळीपुढे त्याने कितीदा साक्ष दिली होती, मी नवा माणूस झालो म्हणून. कडीचा आवाज मात्र जुनाच होता.

मला मनापासून वाटतं की पूर्ण अंतःकरणाने देवावर प्रेम करणं म्हणजे सदैव भरून येणं नव्हे. बायबलातल्या जक्कय या जकातदाराचं बघा. प्रभू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि त्याच्याच घरी उतरतो. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट असा हिशेब मांडतो, आणि प्रभू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. घराला! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त पुढे काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि भेटल्यावर? दुष्काळातल्या मुली आणून केडगावला त्यांची चूल पेटती ठेवली, आणि 1922 मध्ये जाईपर्यंत बायबलाच्या भाषांतराला वर्षानुवर्षं दिली. त्यातला प्रत्येक दिवस काही त्यांना भरून आलं नसेल. व्याकरणाची पानं तपासताना कोणाला भरून येतं?

मी त्याला प्रार्थना सोडायला सांगितली नाही, तो माझा अधिकारही नाही. मंडळीच्या पाळकसाहेबांशी (धर्मगुरूंशी) बोलून त्याने सभा दोनवर आणल्या. उपास डॉक्टरांना विचारून. रात्री सात तास झोप. सकाळी वीस मिनिटं शास्त्र, जाणवो न जाणवो. बुधवारी नि शुक्रवारी साडेसातला घरी. आणि पिण्याच्या दिवसांत मेहुण्याकडून घेतलेले चौदा हजार, महिना दोन हजारांनी.

शेवटचंच सगळ्यात जड गेलं. पहिल्यांदा कुडाळला पैसे घेऊन गेला तेव्हा मेहुण्याने दारातूनच परत पाठवलं. पुढच्या महिन्यात हा परत गेला. त्या वेळी मेहुणा काही बोलला नाही, नोटा मोजून घेतल्या आणि आत चहा टाकायला सांगितलं.

नाताळाच्या आधी दोघं भेटायला आले. तासभर बोललो, पोरीचे पाढे, ड्यूटी, घराचं भाडं. निघताना मीच विचारलं, “आणि ते कोमटपण?”

तो विचारात पडला. “कधी जाणवतं, कधी नाही. परवा पाढे घेताना जाणवलं.” मग बायकोकडे बघून म्हणाला, “तू सांग ना ते.”

“कडी वाजली की अजून आत पळते,” ती म्हणाली. “पण बुधवारी पडद्याआडून बघते, बाबा आला का म्हणून.”