अठरा लाखांचा करार की तेरा लाखांचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ह्यूस्टनमध्ये राहता, तुमचे पती एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) बॅकअप वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावून पास झेलणारे राखीव खेळाडू, आहेत आणि त्यांचे चार हंगाम पूर्ण झालेत. २०२५च्या हंगामासाठी एकेका वर्षाच्या दोन ऑफर आहेत. टेक्सासमधला संघ किमान पगार ११ लाख ७० हजार डॉलर आणि १ लाख ६७ हजार ५०० साइनिंग बोनस (सही केल्याबद्दलची रक्कम) देतोय. कॅलिफोर्नियातल्या संघाचा पगार तेवढाच, साइनिंग बोनस ५० हजार. शिवाय मैदानात उतरण्याच्या यादीत असतील त्या प्रत्येक सामन्याचे २० हजार आणि ४० झेल पूर्ण केल्यास २ लाख ४० हजार. सगळं जमलं तर १८ लाख. हा मोठा करार घेऊन त्या भरवशावर घर घ्यावं का, असं तुम्ही विचारता.

घर आत्ता नको. आणि करार टेक्सासचा घ्या.

तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी ते ११ सामन्यांत यादीत होते आणि १९ झेल घेतले. मग ४० झेलांचे पैसे हिशेबातून काढूनच टाका. पाचव्या क्रमांकाच्या रिसीव्हरकडे चेंडू येतो तो वरचे दोघे जखमी झाल्यावर. ११ सामने धरले तर कॅलिफोर्नियाचा करार १४ लाख ४० हजारांचा होतो, टेक्सासचा १३ लाख ३७ हजार ५००चा. उरलेला लाखभराचा फरक कॅलिफोर्नियाचा आयकर खाऊन टाकेल. टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही. (बाहेरगावच्या सामन्यांवर त्या त्या राज्याचा कर दोन्हीकडे लागेलच.) एजंटची फी, जास्तीत जास्त ३ टक्के, तीही दोन्हीकडे जाईल, आणि २०१८पासून पगारदार खेळाडूला ती केंद्रीय आयकरासाठी उत्पन्नातून वजा करता येत नाही.

पण माझ्या मते खरा प्रश्न ऑगस्टअखेरचा आहे. तेव्हा संघ ५३ जणांवर येतो. त्यात नाव नसेल तर ११ लाख ७० हजारांतला एक डॉलरही मिळत नाही, कारण हा पगार हंगामाच्या १८ आठवड्यांत, आठवड्याला ६५ हजार असा येतो. हातात राहतो फक्त साइनिंग बोनस: एकीकडे १ लाख ६७ हजार ५००, दुसरीकडे ५० हजार. सराव संघात घेतलं तरी अनुभवी खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त २२ हजार. घराचा हप्ता तुम्ही ६५ हजारांवर बेतलाय.

म्हणून एजंटला पैशांआधी हे विचारा: स्पेशल टीम्समध्ये (चेंडूला लाथ मारली जाते तेव्हा उतरणाऱ्या तुकड्यांत) त्यांची जागा कुठे आहे? ५३ पैकी सामन्याला जास्तीत जास्त ४८ जण तयार असतात, आणि पाचवा रिसीव्हर त्यात बसतो तो पंटनंतर (लाथेने दूर उडवलेला चेंडू) चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायला धावतो, किकऑफला (खेळ सुरू करणाऱ्या लाथेला) टॅकल करतो म्हणून. २०२४मध्ये किकऑफचे नियम बदलल्यापासून चेंडू परत आणण्याचे प्रसंग वाढलेत, त्यामुळे हे काम येणाऱ्याला मागणी आहे. तुमच्या पत्राच्या दोन पानांत याविषयी ओळसुद्धा नाही. तुमचे पती हे काम करत नसतील, तर दोन्ही करार मला कच्चे वाटतात.

चार हंगाम झाल्याचा एक मोठा फायदा आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी ते संघात असतील आणि नंतर काढलं गेलं, तर उरलेल्या वर्षाचा पगार मागता येतो. कारकिर्दीत एकदाच, याआधी वापरलाय का ते तपासा. संघांनाही हा नियम ठाऊक असतो. म्हणून काही अनुभवी खेळाडूंना पहिल्या सामन्याआधी सोडून दुसऱ्या आठवड्यात परत बोलावतात. असं झालं तर ‘परत घेतलं’ म्हणून पेढे वाटू नका, ती हमी बरीच आटलेली असते.

तोवर भाड्याच्या घरात राहा, भाडेकरारही महिन्या-महिन्याचा करा. पहिला सामना पार पडला की खेळाडूंच्या ४०१(के) या निवृत्ती-बचत योजनेत पैसे टाकायला लागा. तिथे पात्र खेळाडूच्या एका डॉलरमागे दोन डॉलर घातले जातात, मर्यादेपर्यंत. घराचं डाउन पेमेंट जानेवारीत, हंगामाचे सगळे चेक खात्यात आल्यावर ठरवू. त्यासाठी गेल्या दोन वर्षांची करविवरणपत्रं आणि चालू कर्जांची यादी पाठवा. गाडीचं कर्जही त्यात लिहा, पत्रात त्याचा नुसता उल्लेख आहे, आकडा नाही.