अमेरिकन चित्रकार रॉकवेलच्या 'ब्रेकिंग होम टाइज' या चित्रातले बापलेक कशाची वाट पाहत बसले आहेत?

रेल्वेगाडीची, मुलगा कॉलेजसाठी घर सोडून निघालाय. नॉर्मन रॉकवेलचं हे चित्र 25 सप्टेंबर 1954 च्या 'सॅटरडे इव्हनिंग पोस्ट' या अमेरिकन मासिकाचं मुखपृष्ठ होतं. मुखपृष्ठावर चित्राचा खुलासा नसायचा, त्यामुळे गोष्ट वस्तूंमधूनच सांगावी लागे. सुटकेसवर 'स्टेट यू' असं लिहिलंय, म्हणजे राज्य विद्यापीठ. खाली रुळाचा तुकडा दिसतो, आणि शेजारी लाल बावटा न् कंदील, म्हणजे गाडीला हात करून थांबवावं लागेल असं आडगावचं ठिकाण. मुलगा कडक इस्त्रीच्या सुटात, मान उंचावून गाडीच्या दिशेने बघतोय. कामाच्या कपड्यांतला बाप वाकून भलतीकडेच बघतोय. मला विचाराल तर सगळं चित्र बापाच्या हातात आहे: स्वतःची आणि लेकाची, दोन्ही टोप्या त्यानेच धरून ठेवल्यात. कुत्र्याने मात्र सरळ मुलाच्या मांडीवर डोकं टेकलंय. रॉकवेलचे स्वतःचे मुलगेही त्याच सुमारास घराबाहेर पडले होते.

फक्त एक: 2006 च्या आधी प्रदर्शनातलं चित्र पाहिलं असेल, तर ती नक्कल असू शकते. मालक डॉन ट्रॅक्टी हे व्यंगचित्रकार. त्यांनी हुबेहूब नक्कल रंगवून मूळ चित्र घरातल्या खोट्या भिंतीमागे दडवलं होतं. त्यांच्या पश्चात 2006 मध्ये मुलांना ते सापडलं आणि त्याच वर्षी लिलावात सुमारे 1.54 कोटी डॉलरना गेलं. मुलाचा चेहरा नकलेत जरा वेगळा आहे.