बैठकीत मला काहीच सुचत नाही

“बैठकीत माझे डोके बंद पडते आणि घरी जाताना गाडीत बसले की एकामागून एक कल्पना सुचतात, मग मी या कामाच्या लायकीचीच नाही का?” अंधेरीतील एका जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या, डोंबिवलीला राहणाऱ्या एका तरुणीने मला हा प्रश्न विचारला होता. तिची ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत. पण ही चिंता तिच्या एकटीची नाही. नोकरदार मंडळींकडून ती मी इतक्या वेळा ऐकते की तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आपण बुजऱ्या आहोत, असे तिने स्वतःपुरते ठरवूनच टाकले होते. मी ते लगेच मान्य केले नाही. पुढच्या बैठकीत कोण कधी बोलले आणि त्या वेळी तुमच्या मनात काय चालले होते, एवढेच टिपून आणा, असे मी तिला सांगितले. विषय होता पाठीवरच्या सॅकच्या जाहिरातीचा. “माझ्या डोक्यात साधारण असे आहे, पण तुम्ही मोकळेपणाने बोला,” असे म्हणून वरिष्ठांनी सुरुवात केली आणि त्यानंतरच्या तिघांनी त्यांचीच कल्पना थोडी फिरवून मांडली. दुसरा सहकारी बोलत असताना हिला वाटून गेले होते की लोकलच्या गर्दीत सगळेच सॅक पोटाशी घेतात, मग जाहिरातीत ती पुढूनच का दाखवू नये? परंतु पाळी येईपर्यंत ती कल्पना मनात धरून ठेवायची, समोरच्याचे ऐकायचे आणि आपले म्हणणे विषयाला धरून आहे का हेही तपासत राहायचे, या ओढाताणीत ती निसटली, आणि घाटकोपरला मेट्रोतून उतरून डोंबिवलीची गाडी पकडल्यावर पुन्हा आठवली.

वहीतले ते पान वाचताना मला तिच्या स्वभावापेक्षा बैठकीची रीतच अधिक स्पष्ट दिसली. गटाने एकत्र बसून, टीका न करता कल्पनांचा पाऊस पाडावा ही पद्धत अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी लोकप्रिय केली. येल विद्यापीठातील संशोधकांनी 1958 मध्ये ती तपासली, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा एकेकट्याने विचार केलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर अधिक भरल्या. 1987 मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचे कारण शोधताना लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि दुसरे कोणी बोलत असताना थांबावे लागेल, अशी दिव्यांची खूण ठेवली. समोर कोणी नसतानाही केवळ थांबावे लागल्याने कल्पना घटल्या. लोक काय म्हणतील ही भीती आणि बाकीचे बोलतीलच म्हणून येणारी ढिलाई यांचाही वाटा असतोच. पण पाळीची वाट पाहण्याने होणारे नुकसान मोठे असते आणि ते धीट माणसालाही चुकत नाही. म्हणूनच “जरा धीट व्हा” हा सल्ला मला अपुरा वाटतो.

तिने वरिष्ठांना तक्रारीच्या सुरात न बोलता एक विनंती करावी, असे आम्ही ठरवले: सुरुवातीची काही मिनिटे सर्वांनी न बोलता लिहावे, चिठ्ठ्या नावाशिवाय वाचाव्यात आणि साहेबांनी आपले मत शेवटी सांगावे. त्यांनी ते मान्य केले, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. एका सहकाऱ्याला मात्र यात गप्पांची मजा जाते असे वाटले, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कल्पना निवडायला, एकमेकींना जोडायला आणि त्यांतल्या उणिवा हेरायला चर्चा लागतेच. फक्त ती लिहून झाल्यानंतर व्हावी.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. सॅकची कल्पना चर्चेत मागे पडली आणि ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. ते पूर्ण सत्र आम्ही एकाच गोष्टीवर घालवले: नाकारली गेली ती कल्पना की ती स्वतः? आजवर कल्पना मांडलीच जात नसल्यामुळे नकार पचवण्याचा सरावही तिला झाला नव्हता, आणि तो सावकाशच होणार होता.

प्रत्येकाला असे ऐकून घेणारे वरिष्ठ मिळत नाहीत, हे मी जाणून आहे. अशांनी निदान बैठकीचा विषय आदल्या दिवशी मागून घ्यावा, घरूनच चार ओळी लिहून न्याव्यात, दुसरा बोलत असताना सुचलेले दोन शब्दांत कागदावर टिपावे आणि गाडीत जे आठवेल ते उशीर झाला म्हणून सोडून न देता त्याच संध्याकाळी संबंधितांना लिहून पाठवावे.