वाचकांचे प्रश्न : वूमेराला थांबावे का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून मोटारीने कूबर पेडीला जाणार आहोत. अग्निबाणांच्या चाचण्यांसाठी वाळवंटात वसवलेले वूमेरा हे गाव वाटेपासून जवळच आहे, असे वाचनात आले. ते लष्करी ठिकाण असल्याने प्रवाशांना आत जाऊ देतात का? आणि मुद्दाम थांबावे असे तेथे काही आहे का?

उत्तर : वूमेरा गाव आणि वूमेराचे चाचणीक्षेत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. गाव १९८२ सालापासून सर्वांना खुले आहे आणि तेथे जाण्यासाठी परवाना लागत नाही. चाचणीक्षेत्र मात्र आजही संरक्षण खात्याच्या ताब्यातील प्रतिबंधित प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,२२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक आहे. आपण ज्या स्टुअर्ट महामार्गाने जाणार तो याच प्रदेशातून जातो. महामार्ग न सोडता पुढे गेल्यास कोणी अडवत नाही, पण बाजूच्या कच्च्या रस्त्याला गाडी वळवायची असेल तर आधी परवानगी हवी. चाचणीच्या वेळी महामार्गही काही काळ बंद ठेवला जाऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्यांची अधिकृत माहिती पाहून घ्यावी.

थांबावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे. मात्र अपेक्षा बदलून थांबावे. ज्या तळांवरून अग्निबाण उडाले ते कुंपणापलीकडे, गावापासून बरेच दूर आहेत आणि ते आपल्याला दिसणार नाहीत. दिसते ते गाव. केवळ एका कामासाठी माणसांनी वाळवंटात वसवलेल्या गावाचे, ते काम संपल्यावर, काय होते हे पाहण्यासारखी जागा दुसरी मला तरी ठाऊक नाही.

गावाचा जन्म महायुद्धातला नसला तरी त्याचे कारण युद्धातलेच आहे. जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणांनी लंडनला दिलेला तडाखा ब्रिटनने अनुभवला होता. अशी अस्त्रे आपणही बनवायची तर शेकडो मैल मोकळी जमीन हवी आणि ती ब्रिटनमध्ये नव्हती. १९४६ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला आणि १९४७ मध्ये लेन बीडेल या भूमापकाने येथे आखणी सुरू केली. पिंबा हे रेल्वेचे ठिकाण जवळ असल्याने सामान आणणे सोपे होते, आणि वायव्येकडे थेट हिंदी महासागरापर्यंत वस्ती अत्यंत विरळ होती. ‘विरळ’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. त्या काळच्या सरकारी भाषेत ही जमीन रिकामी होती. प्रत्यक्षात ती कोकाथा आणि इतर आदिवासी समाजांची भूमी होती, त्यांच्या पाणवठ्यांच्या वाटा येथूनच जात होत्या. विसंगती नावापासूनच सुरू होते. ‘वूमेरा’ म्हणजे भाला अधिक दूर फेकण्यासाठी वापरायचे लाकडी साधन. अग्निबाणांच्या तळाला नाव चपखल आहे खरे, पण हा शब्द सिडनीकडच्या धारूग भाषेतला आहे. ज्यांच्या जमिनीवर गाव उभे राहिले त्या कोकाथा लोकांच्या भाषेतला नाही.

साठच्या दशकात गावाची लोकसंख्या सात हजारांच्या घरात होती. शाळा, इस्पितळ, चित्रपटगृह, पोहण्याचा तलाव, इतकेच काय स्वतःचे वृत्तपत्रही होते. आज तेथे दोनशे माणसेही कायमची राहत नाहीत. रुंद रस्ते, रांगेत लावलेली झाडे, आणि घरे हलवल्यावर उरलेले मोकळे भूखंड पाहत अर्धा तास पायी फिरावे. हा अर्धा तास संग्रहालयापेक्षा अधिक सांगून जातो. वर्षाकाठी जेमतेम १८० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात ही झाडे जगली ती मरे नदीचे पाणी नळाने येथवर आणल्यामुळे, हे चालताना आठवावे.

गावाच्या मध्यावर उघड्यावर मांडलेले अग्निबाण, क्षेपणास्त्रे आणि विमाने आहेत. त्यांत ‘जिंदिविक’ हे वैमानिकाशिवाय उडणारे जेट विमान पाहायला विसरू नये. ऑस्ट्रेलियात बनलेल्या या विमानाचे काम क्षेपणास्त्रांचे लक्ष्य होणे एवढेच होते. पण मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो एका चेपलेल्या, रंग उडालेल्या धातूच्या नळकांड्यापाशी. २९ नोव्हेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचा पहिला उपग्रह ‘रेसॅट’ येथून अवकाशात गेला, तो अमेरिकेने दुसऱ्या एका प्रकल्पासाठी आणलेल्या आणि शिल्लक राहिलेल्या रेडस्टोन अग्निबाणावर. त्या अग्निबाणाचा पहिला टप्पा सिम्पसन वाळवंटात कोसळला, तेथेच वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिला आणि १९९० मध्ये शोधून परत आणला गेला. शेजारची रंगरंगोटी केलेली क्षेपणास्त्रे प्रदर्शनातली वाटतात, हे नळकांडे मात्र प्रवास करून आलेले दिसते.

ब्रिटनची कथा याहून विचित्र आहे. ‘ब्लॅक ॲरो’ हा अग्निबाण-प्रकल्प रद्द केल्याची घोषणा जुलै १९७१ मध्ये झाली, पण शेवटचा अग्निबाण तोवर ऑस्ट्रेलियाकडे रवाना झालेला असल्याने तो उडवू देण्यात आला. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी त्याने ‘प्रॉस्पेरो’ हा उपग्रह कक्षेत सोडला. ब्रिटिश अग्निबाणाने कक्षेत नेलेला हा एकमेव उपग्रह आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे. प्रकल्प आधी गुंडाळला आणि यश नंतर आले, असा हा उफराटा क्रम.

प्रश्न : वूमेरा येथे अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या होत्या, असे आमच्या एका नातेवाइकांनी सांगितले. तेथे मुक्काम करणे आरोग्याला अपायकारक ठरेल का?

उत्तर : ब्रिटनच्या अणुचाचण्या वूमेरा गावात झालेल्या नाहीत. ऑक्टोबर १९५३ मधील दोन स्फोट एमू फील्ड येथे, तर १९५६ आणि १९५७ मधील सात स्फोट मारालिंगा येथे झाले. ही दोन्ही ठिकाणे गावापासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला आहेत. नातेवाइकांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही ठिकाणे त्याच ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन सहकार्यातून निर्माण झाली आणि एमू फील्डची जागाही बीडेल यांनीच शोधली होती. त्या स्फोटांचे परिणाम तेथील आदिवासींनी भोगले आणि त्यांची चौकशी करण्यासाठी १९८४ मध्ये शाही आयोग नेमावा लागला. हा विषय लहान नाही. परंतु आपला प्रश्न एका रात्रीच्या मुक्कामाचा आहे, आणि लोक जेथे आजही राहतात, पर्यटक उतरतात त्या गावात एक रात्र काढताना ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. उन्हाची धास्ती मात्र जरूर बाळगावी. जानेवारीत पारा पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतो. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला अवकाशाचे वेड आहे. वूमेराला गेल्यास अग्निबाण उडताना पाहता येईल का?

उत्तर : नाही, आणि त्याला तसे सांगून नेऊ नये. चाचण्या प्रेक्षकांसाठी होत नाहीत. त्याऐवजी अवकाशातून येथे काय परत आले, ते त्याला निघण्यापूर्वी सांगावे. १३ जून २०१० रोजी इटोकावा या लघुग्रहाचे कण घेऊन जपानच्या ‘हायाबुसा’ यानाची कुपी याच प्रतिबंधित प्रदेशात उतरली, आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘हायाबुसा-२’ची कुपी र्‍यूगू या लघुग्रहाची सुमारे साडेपाच ग्रॅम माती घेऊन आली. ज्या कारणासाठी ब्रिटनला ही जागा हवी होती त्याच कारणासाठी ती जपानला हवी होती: आकाशातून काही पडले तर ते कोणाच्या डोक्यावर पडू नये. त्यानंतर रात्री गावाबाहेर दिव्यांपासून जरा दूर उभे राहून आकाशगंगा पाहिली, की मुलाला अग्निबाणाची आठवण राहणार नाही. जमिनीवरही त्याचे लक्ष वेधावे. या माळावर सर्वत्र ‘गिबर’ नावाचे विटकरी गोटे पसरलेले असतात; त्यांचा वरचा भाग पॉलिश केल्यासारखा चकाकतो. जुन्या वृत्तपत्राचे ‘गिबर गॅबर’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले होते.

प्रश्न : रस्ता, इंधन आणि मुक्काम यांविषयी थोडक्यात सांगावे.

उत्तर : ॲडलेडहून वूमेरापर्यंत थांबे धरून सहा तास ठेवावेत. शेवटचे मोठे शहर पोर्ट ऑगस्टा. तेथून सुमारे १७० किलोमीटरवर पिंबा येते आणि तेथे महामार्ग सोडून उजवीकडे सहा-सात किलोमीटर गेले की गाव. पिंब्याला टाकी भरून घ्यावी, कारण तेथून कूबर पेडी साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे आणि मधल्या पल्ल्यात पंप फार थोडे आहेत. पाणी माणशी किमान चार-पाच लिटर जवळ असावे. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. कांगारू आणि एमू संध्याकाळीच रस्त्यावर येतात, आणि पन्नास मीटरांहून लांब मालट्रक ऐनवेळी थांबू शकत नाहीत. गावातील हॉटेलचे ‘एल्डो’ हे नाव साठच्या दशकात येथे ‘युरोपा’ अग्निबाणाच्या चाचण्या घेणाऱ्या युरोपीय संघटनेचे आहे. तिचे लोक याच वास्तूत उतरत असत. खोली आधी राखून ठेवावी आणि संग्रहालयाच्या वेळाही त्याच वेळी विचारून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी कूबर पेडीच्या वाटेवर, पिंब्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, लेक हार्ट हे मिठाचे सरोवर महामार्गावरूनच दिसते. ‘युरोपा’चा तळ याच सरोवराच्या काठी होता. तळ जवळून पाहता येत नाही, पण सकाळच्या उन्हात मिठाचा पांढरा पट्टा आणि कडेने जाणारा रेल्वेमार्ग यांसाठी गाडी दहा मिनिटे उभी करावी.